वाचकांचे प्रश्न : परदेशी इंजिनाचा कारखाना आणि आपले गाव

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावरची होती. परदेशातील एखादी मोठी कंपनी येथे कारखाना काढते आणि त्याबरोबर शिक्षणसंस्था, शिष्यवृत्त्या, पाण्याच्या योजना यांतही भाग घेते. या दोन कामांचा एकमेकांशी संबंध काय, हे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. डिझेल इंजिने बनवणाऱ्या कमिन्स या अमेरिकी कंपनीचे नाव या पत्रांत वारंवार आले आहे. या कंपनीचा पुण्याशी साठ वर्षांहून जुना संबंध असल्यामुळे ते स्वाभाविकच आहे. त्यांपैकी पाच प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : अमेरिकेत बनलेली इंजिने जहाजाने आणून येथे विकणे कंपनीला सोपे गेले असते. मग तिने येथे कारखाने का काढले? आणि आज ती कंपनी भारतीय समजावी की परदेशी?
— एक वाचक, फलटण

उत्तर : आपण म्हणता ती सोपी वाट १९६० च्या दशकात खुलीच नव्हती. परकीय चलनाची टंचाई होती, प्रत्येक आयातीला सरकारी परवाना लागत असे, आणि ज्या परदेशी कंपनीला येथील बाजारपेठ हवी होती तिने येथे उत्पादन करावे व देशी भागांचे प्रमाण वर्षागणिक वाढवत न्यावे, असे सरकारचे धोरण होते. कमिन्सला येथे जो भागीदार मिळाला तो इंजिनांच्या धंद्यात मुरलेला होता. शंतनुराव किर्लोस्करांच्या नेतृत्वाखाली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये स्थापन झाली होती आणि पुण्याजवळ खडकी येथे डिझेल इंजिने बनवत होती. १९६२ च्या फेब्रुवारीत किर्लोस्कर कमिन्स लिमिटेडची नोंदणी झाली. त्या वेळी निम्मे भांडवल कमिन्सचे, साडेपंचवीस टक्के किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे आणि उरलेले सर्वसाधारण भागधारकांचे होते. कारखाना कोथरूडला उभा राहिला. ज्यांनी त्या काळातील कोथरूड पाहिले आहे, त्यांना तेथे शेते आणि माळरान होते हे आठवत असेल.

सरकारचे धोरण हे मात्र निम्मेच उत्तर झाले. इंजिन ही विकून मोकळे होण्याची वस्तू नाही. खाणीतील डंपरचे किंवा रुग्णालयातील जनरेटरचे इंजिन बंद पडले, तर लायनर, पिस्टन, बेअरिंग किंवा इंजेक्टर घेऊन येणाऱ्या जहाजाची वाट पाहत बसता येत नाही. शिवाय येथील धूळ, उन्हाळा आणि इंधनाचा दर्जा यांनुसार फिल्टरपासून रेडिएटरपर्यंत अनेक बदल करावे लागतात, आणि ते करणारा माणूस इंजिन जेथे चालते तेथे असावा लागतो. सुटे भाग, दुरुस्ती, ओव्हरहॉल आणि मेकॅनिकचे प्रशिक्षण यांची साखळी इंजिनाच्या जवळ नसेल, तर दुसऱ्या इंजिनाला गिऱ्हाईक मिळत नाही.

या साखळीचे एक टोक मी स्वतः पाहिले आहे. उमेदीच्या काळात मी एका लहान मशिन शॉपमध्ये होतो. आमच्याकडे एका इंजिन कंपनीसाठी बुश, म्हणजे दांडा ज्यात बसतो त्या धातूच्या नळ्या, बनत असत. पहिली खेप लाल रंगाचे पट्टे मारून परत आली, कारण भोकाच्या मापात काही मायक्रॉनांचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक येत होता आणि तो का येतो हे आम्हाला सांगता येत नव्हते. त्या कंपनीचा निरीक्षक दोन दिवस आमच्या शॉपमध्ये उभा राहिला. त्याने केले एवढेच, की मशिनवरून निघणाऱ्या प्रत्येक नगावर खडूने क्रमांक घालायला लावला आणि मापे त्याच क्रमाने वहीत उतरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी वही समोर ठेवल्यावर गोष्ट स्पष्ट दिसली : रोज सकाळचे पहिले आठ-दहा नगच बिघडत होते. मशिन थंड असताना स्पिंडल, म्हणजे त्याचा फिरणारा मुख्य दांडा, एका जागी असे, आणि ते तापल्यावर प्रसरणामुळे किंचित सरकत असे. तेव्हापासून आम्ही सकाळी मशिन वीस मिनिटे रिकामे फिरवू लागलो आणि पहिले दहा नग वेगळे ठेवून मोजू लागलो. परदेशी तंत्रज्ञान आले असे आपण सहज बोलून जातो, पण लहान कारखान्यात ते बहुतेक वेळा अशाच एखाद्या वहीतून येते. पुणे, पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर आणि इचलकरंजी येथील किती तरी फौंड्री आणि मशिन शॉप अशाच परत आलेल्या खेपांमधून शिकत मोठी झाली आहेत.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये तेव्हाच्या टेल्को या टाटा समूहातील ट्रक बनवणाऱ्या कंपनीबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत जमशेदपूरला टाटा कमिन्स ही कंपनी निघाली आणि ट्रकची इंजिने तेथे बनू लागली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात किर्लोस्कर समूह पुण्याच्या कंपनीतून बाहेर पडला आणि तिचे नाव कमिन्स इंडिया असे झाले. नंतर आपल्या फलटण तालुक्यात कंपनीचे मोठे उत्पादनसंकुल उभे राहिले.

आता भारतीय की परदेशी. कायद्याच्या दृष्टीने कमिन्स इंडिया ही भारतात नोंदलेली, येथील शेअर बाजारात सूचिबद्ध असलेली आणि येथील करकायद्याखाली येणारी भारतीय कंपनी आहे. मालकीच्या दृष्टीने पाहिल्यास तिचे एकावन्न टक्के भाग अमेरिकी मूळ कंपनीकडे आहेत, म्हणजे मोठे निर्णय अखेरीस तिच्या हाती आहेत. उरलेले भाग येथील वित्तसंस्था, म्युच्युअल फंड आणि सामान्य भागधारकांसह इतरांकडे आहेत. रोजचे काम करणारी माणसे जवळजवळ सगळी येथलीच. आपल्याला कशासाठी जाणून घ्यायचे आहे, त्यावर यांतील कोणते उत्तर महत्त्वाचे ते ठरेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी आहे. इंजिने बनवणाऱ्या कंपनीने मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला मदत का केली असावी? यात तिचा स्वार्थ नव्हता का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : स्वार्थ होता असे धरून चालले तरी त्या कामाची किंमत कमी होत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पुण्याच्या कर्वेनगरमधील कमिन्स कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग फॉर विमेन १९९१ मध्ये सुरू झाले. ते महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आहे, आणि आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या एका गोष्टीत आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये ही संस्था स्थापन केली आणि १९०० मध्ये ती हिंगण्याच्या माळावरील झोपडीत नेली. ज्या समाजात विधवेने शिकणे हेच धाडस होते, त्या समाजात या संस्थेने पिढ्यान् पिढ्या मुलींसाठी वसतिगृहे आणि शाळा चालवल्या. पालकांचा विश्वास ही तिची खरी मिळकत होती. १९९१ मध्ये अभियांत्रिकीच्या वर्गात मुली मोजक्या असत, आणि त्यातही लहान गावातून मुलीला पुण्यास पाठवायचे म्हटले की घरात पहिला प्रश्न ती राहणार कोठे हाच निघे. कंपनीने स्वतःच्या आवारात स्वतःचे महाविद्यालय काढले असते, तर ते कदाचित चालले असते, पण हा विश्वास तिला विकत घेता आला नसता. तिने आर्थिक बळ दिले, उद्योगाशी संपर्क दिला, नाव दिले, आणि संस्था चालवण्याचे काम ज्यांना ते येत होते त्यांच्याकडे राहू दिले. पुढे याच संस्थेने आपल्या नागपुरातही या नावाचे महाविद्यालय काढले.

तारखेकडेही लक्ष द्यावे. सामाजिक कामावर नफ्याचा ठरावीक वाटा खर्च करण्याचे बंधन भारतीय कायद्यात २०१४ मध्ये लागू झाले. हे महाविद्यालय त्याच्या तेवीस वर्षे आधीचे आहे, त्यामुळे सक्तीपोटी केलेला खर्च असे त्याला म्हणता येत नाही.

ही सवय कंपनीला कोठून लागली, हेही सांगण्यासारखे आहे. इंडियाना राज्यातील कोलंबस या लहान शहरात १९१९ मध्ये क्लेसी कमिन्स यांनी ही कंपनी सुरू केली. ते विल्यम आयर्विन या बँकमालकाच्या घरी मोटारचालक आणि मेकॅनिक होते, आणि भांडवल याच बँकमालकाचे होते. डिझेल इंजिन रस्त्यावरील वाहनात चालू शकते हे लोकांना पटवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. १९३१ मध्ये त्यांच्या डिझेल मोटारीने इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत इंधनासाठी एकदाही न थांबता पूर्ण केली होती. तरीही कंपनीला नफा दिसायला १९३० च्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. तोवर कारभार आयर्विन यांच्या बहिणीच्या नातवाकडे, जे. आयर्विन मिलर यांच्याकडे आला होता. मिलर हे धर्मश्रद्ध गृहस्थ होते. अमेरिकेतील प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचे ते पहिले सामान्यजन, म्हणजे धर्मगुरू नसलेले, अध्यक्ष झाले, आणि कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी १९६३ मध्ये निघालेल्या वॉशिंग्टन मोर्चाच्या पाठीशी ती परिषद उभी राहिली.

मिलर यांच्या काळातील एक निर्णय मला फार शिकवणारा वाटतो. दुसऱ्या महायुद्धानंतर कोलंबसला नव्या शाळांची गरज होती. १९५० च्या दशकात कंपनीच्या प्रतिष्ठानाने शहराच्या शाळा मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला : उत्तम वास्तुकारांच्या आम्ही देत असलेल्या यादीतून तुम्ही एकाची निवड करा, त्याचे मानधन आम्ही देऊ. बांधकामाचा खर्च मंडळाचा, निवड मंडळाची, शाळा शहराची. पुढे ही योजना इतर सार्वजनिक इमारतींनाही लागू झाली, आणि जेमतेम पन्नास हजार वस्तीचे हे शहर आज आधुनिक वास्तुकलेसाठी जगभर ओळखले जाते. नफ्याच्या पाच टक्के रक्कम सामाजिक कार्याला देण्याची प्रथाही तेव्हाचीच. त्या काळच्या अमेरिकी करकायद्यात कंपन्यांच्या देणग्यांना वजावटीची तीच कमाल मर्यादा होती.

आता स्वार्थाविषयी. चांगल्या शाळा नसलेल्या गावात उत्तम अभियंता कुटुंबासह राहायला येत नाही, हे मिलर उघडपणे मान्य करणाऱ्यांपैकी होते. पुण्यातही कंपनीला अभियंते हवे होते, आणि अर्ध्या लोकसंख्येतून ते येतच नसतील तर तो कंपनीचा तोटाच होता. परंतु महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणारी मुलगी कोठे नोकरी करते यावर कंपनीचे बंधन नाही. ज्या कामाचा लाभ देणाऱ्याच्या हाती अडकून राहत नाही, त्यात त्याचा थोडा स्वार्थ असला तर मी त्याला दोष देणार नाही.

किर्लोस्करवाडीचा येथे उल्लेख करणे आवश्यक वाटते. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कारखान्याबरोबर घरे, शाळा आणि सामूहिक जीवन उभे केले होते. कारखाना गावाचे देणे लागतो ही कल्पना अमेरिकेतून येथे आली, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

प्रश्न : आमच्या गावाजवळ एका परदेशी इंजिन कंपनीचा कारखाना आहे. कंपनीची माणसे गावात सामाजिक काम करण्यासाठी येऊ इच्छितात. दोन टक्क्यांच्या कायद्यानुसार गावाला कंपनीकडे पैसे मागण्याचा हक्क आहे का? त्यांच्याशी बोलताना कोणती काळजी घ्यावी?
— एक सरपंच, सातारा जिल्हा

उत्तर : हक्क म्हणून पैसे मागता येत नाहीत, हे आधीच स्पष्ट करतो. पण कायदा नीट माहीत असेल तर गावाचे म्हणणे वजनदार होते.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे, ज्या कंपनीचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम) ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावयाची असते. मालक परदेशी असला तरी यात फरक पडत नाही. आपले कामकाज जेथे चालते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. मात्र कोणत्या गावात कोणते काम घ्यावे हे कंपनीची समिती सुचवते आणि संचालक मंडळ वर्षाच्या कृती आराखड्यात ते मंजूर करते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये धावपळ करण्यापेक्षा, आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या बऱ्याच आधी ग्रामसभेचा ठराव, गरजेचा तपशील आणि खर्चाचा अंदाज कंपनीकडे लेखी द्यावा. कंपनीच्या धोरणाची आणि मंजूर प्रकल्पांची माहिती तिच्या संकेतस्थळावर द्यावी लागते. ती आधी वाचून जावी. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च, जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी केलेले प्रायोजन आणि राजकीय पक्षांना दिलेली देणगी हे या दोन टक्क्यांत धरले जात नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे.

आता काळजीचे. काही वर्षांपूर्वी एका गावात मी कामानिमित्त गेलो होतो. शाळेशेजारी पत्र्याच्या खोलीत पाणी शुद्ध करण्याचे यंत्र होते. भिंतीवर संगमरवरी पाटी होती, तीवर उद्घाटनाची तारीख आणि पाहुण्यांची नावे कोरलेली होती. खोलीला कुलूप होते. किल्ली ज्यांच्याकडे होती त्या गृहस्थांनी ते उघडले, तेव्हा यंत्रावर धान्याची पोती रचलेली दिसली. यंत्राचा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, पहिल्या दीड वर्षात खराब झाला होता. तो बदलायला किती खर्च येतो हे कोणाला ठाऊक नव्हते. विजेचे मीटर ज्या समितीच्या नावावर होते ती समिती एकदाच भरली होती, बिल थकले आणि जोडणी तोडली गेली. कंपनीच्या अहवालात मात्र ते गाव पूर्ण झालेल्या कामांच्या यादीत राहिले असणार. यात कोणी लबाडी केली असे मला वाटत नाही. यंत्र देणाऱ्याने ते दिले आणि गावाने ते घेतले, पण ते चालवण्याचे काम कोणाचेच नव्हते.

तेव्हा कंपनीचा माणूस समोर बसला की यंत्राच्या किमतीआधी पाचव्या वर्षाविषयी बोलावे. त्या वर्षी सुटा भाग कोठून येईल, त्याचे पैसे कोण देईल, गावातील कोणत्या दोन माणसांना तो बसवण्याचे शिक्षण मिळालेले असेल, हे लेखी ठरवावे. इंजिन कंपनीला हा विषय सर्वांत चांगला कळला पाहिजे, कारण आपल्या इंजिनासाठी ती हेच करते. प्रत्येक इंजिनाबरोबर देखभालीचे वेळापत्रक देते आणि किती तासांनी तेल व फिल्टर बदलायचा ते लिहून देते. तीच शिस्त गावातील पंपाला किंवा पाण्याच्या यंत्राला लावा, असे तिला आग्रहाने सांगावे.

मालकीचा मुद्दाही सोडू नये. २०२१ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे अशा खर्चातून उभी राहिलेली भांडवली मालमत्ता कंपनीने स्वतःकडे ठेवायची नसते. ती नोंदणीकृत सेवाभावी संस्था, लाभार्थींचा बचत गट किंवा तत्सम समूह, अथवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्या नावे असावी लागते. टाकी ग्रामपंचायतीची असणार की मध्यस्थ संस्थेची, हे पहिल्याच बैठकीत विचारावे. बहुवर्षीय प्रकल्पाची न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून ती पुढील तीन वर्षांत वापरावी लागते, म्हणून मार्चअखेर जवळ आला या कारणासाठी घाईने काम उरकण्याची गरज नाही; तशी घाई कोणी करू लागल्यास हा नियम दाखवावा.

आणखी एक विनंती. कंपनीकडून वस्तू मागण्यापेक्षा तिचे जे खरे बळ आहे ते मागावे. इंजिन कंपनीकडे मोजमाप करणारी, यंत्राचा बिघाड शोधणारी, प्रशिक्षण देणारी माणसे असतात. कमिन्समध्ये कर्मचाऱ्यांनी कामाच्या वेळेतील काही तास समाजासाठी द्यावेत अशी जगभरची योजना आहे, आणि तंत्रशिक्षण संस्थांमधील अभ्यासक्रम व शिक्षकांचे प्रशिक्षण सुधारण्याचा तिचा कार्यक्रम अनेक देशांत चालतो. आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग असेल, तर तेथे जाऊन पाहावे. कित्येक ठिकाणी मुले ज्या इंजिनावर शिकतात त्यात इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नसतेच, आणि बाहेर पडल्यावर त्यांच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत मात्र ते असते. एक चालू इंजिन, ते उघडून जोडायला लागणारी हत्यारे आणि महिन्यातून दोन दिवस येणारा एक अनुभवी तंत्रज्ञ एवढे मिळाले, तर मी ते प्रवेशद्वाराच्या कमानीपेक्षा फार मोठे मानीन.

प्रश्न : याच कंपनीला अमेरिकेत प्रदूषणाच्या प्रकरणात प्रचंड दंड झाल्याचे वाचले. अशा कंपनीच्या वृक्षारोपणावर विश्वास कसा ठेवावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये कमिन्सने अमेरिकी सरकारशी तडजोड केली आणि १६७.५ कोटी डॉलरचा दिवाणी दंड मान्य केला. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखाली झालेला तो तोवरचा सर्वांत मोठा दिवाणी दंड होता. २०१३ ते २०१९ या मॉडेल वर्षांतील सुमारे ६ लाख ३० हजार रॅम पिकअप ट्रकमधील कमिन्सच्या डिझेल इंजिनांत चाचणीला बगल देणारी व्यवस्था होती, असा सरकारचा आरोप होता. कंपनीने गैरकृत्याची कबुली दिली नाही. आपल्या चौकशीत कोणी दुष्ट हेतूने वागल्याचा पुरावा मिळाला नाही, असे तिचे म्हणणे होते. या गाड्या परत बोलावून दुरुस्त करण्याचा खर्च त्याशिवाय वेगळा.

बगल देणे म्हणजे काय, ते समजून घेण्याजोगे आहे. आजच्या डिझेल इंजिनात धूर शुद्ध करणारी यंत्रणा संगणकाच्या आज्ञेवर चालते. प्रयोगशाळेतील चाचणीच्या परिस्थितीत ती पूर्ण क्षमतेने चालावी आणि रस्त्यावर मात्र तिचे काम कमी व्हावे, अशी आज्ञा त्या संगणकात असेल, तर चाचणीचा कागद स्वच्छ राहतो आणि हवा तशी राहत नाही. त्यातून बाहेर पडणारी नायट्रोजनची ऑक्साइडे काळ्या धुरासारखी डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून गाडी चालवणाऱ्याला काही कळत नाही. श्वासावाटे मात्र ती आत जातात, आणि दम्याच्या रुग्णाला त्यांचा त्रास होतो.

माझे मत मी स्पष्टपणे मांडतो. इंजिन बनवणाऱ्या कंपनीचे समाजासाठीचे पहिले काम तिच्या इंजिनाच्या धुराड्यातून काय बाहेर पडते हे आहे. तेथे चूक झाली तर ती कितीही झाडे लावून भरून निघत नाही, आणि त्या दोन गोष्टींचा हिशेब कोणी एका पानावर मांडू नये. उलट, अमेरिकेतील या प्रकरणामुळे पुण्याच्या महाविद्यालयात शिकलेल्या हजारो मुलींचे शिक्षण खोटे ठरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही आपण लक्षात ठेवल्या पाहिजेत. भारतात जनरेटरच्या इंजिनांसाठी २०२३ च्या जुलैपासून बरेच कडक उत्सर्जन निकष लागू झाले आहेत. आपल्या इमारतीत किंवा कारखान्यात नवा जनरेटर घेताना, तो कोणत्याही कंपनीचा असो, या निकषांचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. हा नागरिकाच्या हातातला भाग आहे.

प्रश्न : मी इंजिन कारखान्यातून निवृत्त झालो आहे. परदेशी कंपनी एखाद्या दिवशी गाशा गुंडाळून गेली, तर तिने उभे केलेले सामाजिक काम टिकेल का?
— एक निवृत्त कामगार, पिंपरी

उत्तर : असे पूर्वी घडलेले आहे, म्हणून आपला प्रश्न काल्पनिक नाही. कमिन्सचा अमेरिकेबाहेरचा पहिला कारखाना १९५६ मध्ये स्कॉटलंडमधील शॉट्स या गावी निघाला. तो कोळशाच्या खाणींचा मुलूख होता, आणि खाणी उताराला लागल्यावर याच कारखान्याने तेथील कुटुंबांना आधार दिला. १९८० च्या दशकात त्याची इमारत नामवंत वास्तुकारांकडून नव्याने उभारून घेतली गेली. तरीही चाळीस वर्षांनी, १९९६ मध्ये, कंपनीने तो कारखाना बंद केला. उत्तम इमारत किंवा गावाशी असलेले जिव्हाळ्याचे नाते यांमुळे कारखाना टिकून राहत नाही. मागणी, खर्च आणि मूळ कंपनीची जागतिक गणिते यांवर तो निर्णय होतो, आणि तो घेणारी माणसे पुष्कळदा दुसऱ्या देशात बसलेली असतात. ज्यांनी आयुष्य एका कारखान्यात घालवले त्यांना हे ऐकताना काय वाटते, याची मला कल्पना आहे.

पुण्यापुरते पाहिल्यास चित्र वेगळे आहे. येथे कंपनीचे भागधारक, पुरवठादार आणि अभियंते साठ वर्षांत येथेच रुजले आहेत, आणि महाविद्यालय तर कंपनीच्या आधी पासष्ट-सहासष्ट वर्षे स्थापन झालेल्या संस्थेच्या हाती आहे. कंपनीच्या वार्षिक अंदाजपत्रकावर चालणारे काम कंपनीबरोबर संपू शकते. स्वतःची नोंदणी, स्वतःचे विश्वस्त आणि फीचे व अनुदानाचे स्वतःचे उत्पन्न असलेली संस्था सहसा टिकते. आपल्या माहितीतील कोणत्याही प्रकल्पाला ही कसोटी लावून पाहता येईल.

पहिल्या उत्तरात मी ज्या मशिन शॉपचा उल्लेख केला, तेथे गेल्या वर्षी पुन्हा जाण्याचा योग आला. ती इंजिन कंपनी आता त्यांची गिऱ्हाईक राहिलेली नाही. तो बुशच बदलला आणि काम दुसरीकडे गेले. आज तेथे पंपाचे भाग बनतात, मशिने नवी आहेत, आणि मालकाचा मुलगा कारभार पाहतो. सकाळी आठच्या सुमारास मी पोहोचलो, तेव्हा मशिन रिकामे फिरत होते. ऑपरेटरने नंतर काम लावले, निघालेले पहिले दहा नग शेजारच्या लाकडी पाटावर ओळीने मांडले आणि खडू हातात घेतला.